पूजेतून उचललेला हातोडा

रस्त्यात मोटार उभी दिसली की लोक तिचा रंग बघतात, कंपनी बघतात, आत कोण बसलंय ते बघतात. माझा हात आधी तिच्या मडगार्डवर जातो. घरच्यांना याची लाज वाटते. नातीच्या लग्नात नवरदेवाच्या मोटारीवर मी असाच तळवा फिरवला आणि व्याह्यांना म्हणालो, "डाव्या दाराला एकदा मार बसलाय. ज्यानं काढला त्याला काम येत नव्हतं." व्याह्यांचा चेहरा उतरला. बायकोनं मला कोपरानं ढोसलं. पण मी खोटं काय बोललो? काम कच्चं होतं ते कच्चंच होतं.

मी जबलपुरात आयुष्यभर ठोकरलेल्या मोटारी सरळ केल्या. आता त्याला डेंटिंग म्हणतात, दुकानावर पाटी असते. आमच्या वेळी लोक 'पत्रे ठोकणारा' म्हणायचे आणि म्हणताना नाक जरा वर करायचे. मला या कामाचा गर्व होता, आहे आणि राहील. गर्व करू नये असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांच्यापाशी गर्व करण्यासारखं काही असल्याचं मला तरी दिसलं नाही.

हे सुरू झालं तेव्हा आम्ही मध्य प्रांतात राहत होतो, राजधानी नागपूरला होती, आणि महायुद्ध चालू होतं. आमचं घर चेरीतालला. आमचे पूर्वज नागपूरकरांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. फौज गेली, राज्य गेलं, मागे एक तलवार राहिली आणि तिच्याबरोबर घरातल्या पुरुषांचा ताठा. तलवार वर्षभर माळ्यावर असायची. ताठा मात्र रोज वापरात होता. माझे वडील, म्हणजे आमचे बाबा, जिल्हा कचेरीत कारकून होते. कचेरीत जातानाही ते असे चालत, जणू मागून पथक येतंय.

मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. एके दुपारी सदरमध्ये, छावणीच्या बाजारापाशी, एक मोटार माझ्या डोळ्यांदेखत कडुलिंबावर जाऊन आदळली. आतला माणूस धडपडत बाहेर आला, त्याला फारसं लागलं नव्हतं. पण मोटारीचं नाक पार चेचलं होतं. मडगार्ड चुरगळलं होतं, एक दिवा जमिनीकडे बघत होता. मला वाटलं, झालं, ही आता भंगारात.

काही दिवसांनी बाजारामागच्या एका शेडसमोर मला तीच मोटार दिसली. तीच, कारण मागच्या काचेवर चिकटवलेला कागद तोच होता. पण समोरून ती साफ होती. शेडमध्ये एक उंच, वाळका माणूस विडी ओढत बसला होता. तो जातीनं ठठेरा, म्हणजे आपला तांबट. हंडे आणि परातींवर हात बसलेला, आणि मोटारी वाढल्या तसा मोटारींकडे वळलेला. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मी विचारलं, "नया मडगार्ड लगाया?"

"नया कहाँ से आएगा भैया? विलायत में लड़ाई चल रही है," तो म्हणाला. मग उठून आला. "पढ़े-लिखे दिखते हो. चलो, हाथ फेर के बताओ, कहाँ लगी थी."

मी हात फिरवला. वरून फिरवला, खालून फिरवला, वाकून उजेडात पाहिलं. मार कुठं बसला होता ते मला सांगता येईना, आणि तो बसताना तर मी स्वतः पाहिला होता! माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरात सगळं 'होतं' होतं. राज्य होतं, घोडे होते, जमीन होती. गेलेलं परत आणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या शेडमध्ये उभं राहून मला इतका आनंद झाला की मी तिथंच ठरवलं, हे शिकायचं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"काहून?" ते म्हणाले. "मॅट्रिक झाला तो पत्रे ठोकायला?"

"ठोकणं नाही बाबा. सरळ करणं आहे ते."

"अच्छा! सरळ करणं!" त्यांनी आईकडे पाहिलं. "ऐकून राहिली ना? आपला मुलगा मोटारी सरळ करणार. आधी स्वतः सरळ हो म्हणावं."

आईनं माझ्या ताटात आणखी एक पोळी टाकली. आमच्याकडे याचा अर्थ 'दम धर' असा होता.

बाबांनी मनाई केली नाही, हे मला मान्य केलं पाहिजे. त्यांनी त्यापेक्षा वाईट केलं. त्यांनी माझं काम नाहीच असं धरलं. मी सकाळी सदरला निघालो की ते आईला विचारायचे, "हा कुठं भटकायला चालला?" संध्याकाळी हात काळे करून आलो की, "आला का भटकून?" आई माझा डबा मागच्या दारानं द्यायची, कारण पुढच्या दारानं दिला तर मी कामावर चाललो असं कबूल केल्यासारखं झालं असतं. आणि त्यांनी कचेरीतल्या मोठ्या साहेबांपाशी शब्दही टाकून ठेवला होता. साहेब आपलेच, आमच्यासारखे इकडचेच झालेले मराठी, भले गृहस्थ. त्यांनी मला उमेदवार म्हणून घ्यायचं कबूल केलं. उमेदवार म्हणजे आधी बिनपगारी बसायचं, नकला करायच्या, आणि जागा निघाली की कारकून व्हायचं. "दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन या," असं साहेब म्हणाले होते. म्हणजे माझ्याजवळ दसऱ्यापर्यंतचा वेळ होता. त्यानंतर शेड संपली, मोटारी संपल्या, आणि जन्मभर दुसऱ्याच्या कागदाची नक्कल.

तोवर मी शिकून घेतलं. उस्तादांनी कितीतरी दिवस मला हातोड्याला हातच लावू दिला नाही. नुसता तळवा फिरवायला लावायचे, तोही डोळे मिटून. "आँख धोखा खाती है," ते म्हणायचे, "हथेली नहीं खाती." खरंच होतं ते. रंग चकाकतो, उजेड फसवतो. तळव्याला मात्र वाटाण्याएवढा खड्डाही समजतो. मग हातोडा आला, आणि हातात मावणारी लोखंडाची लहानशी ऐरण आली. तिला ते निहाई म्हणायचे. निहाई पत्र्याच्या आतून टेकवायची, हातोडा बाहेरून मारायचा, पत्रा मधे सापडून सरळ होतो. ऐकायला सोपं आहे. मी पहिल्यांदा जोर लावून मारलं आणि पत्रा पुरीसारखा टम्म फुगला. उस्ताद इतके हसले की त्यांची विडी विझली. जोरानं मारलं की पत्रा ताणला जातो, वाढतो, आणि वाढलेला पत्रा कुठं जाणार?

पण सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी शिकवली ती अशी. मोटार आदळते तेव्हा सगळं एकदम होत नाही. आधी एक भाग वाकतो, तो दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. काढताना उलटं जायचं. शेवटी जे वाकलं ते आधी काढायचं, आणि पहिला मार जिथं बसला तिथं सगळ्यात शेवटी पोचायचं. अडाणी माणूस मोठा खड्डा दिसला की त्यावरच तुटून पडतो, आणि मग आतल्या घड्या कायमच्या बसतात. मला हे फार आवडलं. मोडकी मोटार आली की मी तिच्यासमोर उकिडवा बसायचो आणि तो अपघात मागून पुढे वाचून काढायचो. शाळेत इतकं मन लावून मी काहीच वाचलं नव्हतं.

उस्तादांचा एक दंडक होता. दुसऱ्याचा हातोडा घ्यायचा नाही, स्वतःचा करायचा. मी लोहाराकडून मोटारीच्या जुन्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पोलादाचं डोकं घडवून घेतलं, त्याला तिवसाच्या लाकडाचा दांडा बसवला. पण हातोडा खरा तयार होतो तो त्याचं तोंड घासून. त्या तोंडावर एक ओरखडा असला तरी तो प्रत्येक घावाला पत्र्यावर उमटतो. म्हणून ते आरशासारखं करावं लागतं. नवरात्रात मी संध्याकाळी ओसरीवर बसून तेच करत होतो. आधी विटकरीची चाळलेली पूड, मग राख, मग नुसतं तेल आणि फडकं.

समोर बाबा बसले होते. त्यांच्या मांडीवर तलवार होती. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजा असते, आणि त्याआधी ते तलवार स्वतः घासत. तीच विटकर, तीच राख, तेच तेल. राखेची वाटी आमच्या दोघांच्या मधे होती. माझा हात वाटीत असला की ते थांबायचे, त्यांचा असला की मी. आईनं आतून एकदा डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून परत गेली. हसत होती की काय, देव जाणे.

नवमीला पाटावर लाल कापड पडलं. तलवार मधोमध. तिच्या उजव्या हाताला बाबांची दौत-लेखणी. खाली आईची विळी, कात्री, भिंतीत खिळे ठोकायची जुनी हातोडीसुद्धा. मी माझा हातोडा आणि निहाई फडक्यात गुंडाळून आणली होती. बाबांनी फडकं उघडलं. हातोड्याचं तोंड उजेडाकडे करून पाहिलं. त्यात त्यांची मिशी दिसली असणार. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"विळीजवळ ठेव," ते म्हणाले.

मी ठेवला, पण आतून जळलो. अहो, विळीला मी कमी समजत नाही. ती बिचारी रोज चालते. पण ज्या तलवारीनं आजोबांच्या आजोबांपासून भाजीसुद्धा चिरली नाही ती मधोमध, आणि रोज राबणारं हत्यार स्वयंपाकघरात! झेंडूचं फूल वाहताना मी हातोड्याला चांगली दोन जास्तीची वाहिली. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

एकदा पूजेत ठेवलं की ते हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम. त्या दोन दिवसांत आई भाजीसुद्धा हातानं मोडून करायची. बाबा लेखणीला शिवायचे नाहीत. मोडला असेल नियम, तर तो कधी ते कोणाला आठवत नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मी आपट्याची पानं निवडत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी कचेरी. मन उदास होतं, आणि मी ते लपवतही नव्हतो. तेवढ्यात सदरचा एक टांगेवाला दारात टांगा थांबवून ओरडला, "भैया! उस्ताद कहाँ मिलेंगे? शेड पे ताला लगा है."

"उस्ताद गाँव गए हैं. काहे?"

त्यानं सांगितलं. पुढच्या नाल्यावरच्या पुलियेला, म्हणजे लहान पुलाला, एक मोटार भिडली होती. समोरून झेंडूचे हारे घेतलेल्या बायका आल्या, त्यांना वाचवायला माणसानं मोटार वळवली आणि ती कठड्यावर गेली. माणूस ठीक होता. मझौलीला चालला होता, म्हाताऱ्या आईला सोनं द्यायला. दर दसऱ्याला जातो, आणि त्याच्या हातचं सोनं घेतल्याशिवाय ती म्हातारी पानावर बसत नाही. मोटार हलत नव्हती. टांग्यानं मझौली गाठायची तर दसरा निघून गेला असता. "लोग रस्सा बाँध के खींचने की बात कर रहे हैं," टांगेवाला म्हणाला.

"नको!" मी ओरडलोच. "रस्सा मत बाँधने देना!" दोर बांधून नाकाला ओढलं की आतली घडी रेडिएटरमध्ये शिरते. रेडिएटर फुटलं तर नवं कुठून आणणार, लढाईच्या दिवसांत? मोटार वर्षभर उभी राहिली असती.

मी उठलो आणि तिथंच थबकलो. माझा हातोडा पाटावर होता, विळीशेजारी, हळदीकुंकू लावलेला. उत्तरपूजा दुपारी.

"पूजेतलं हत्यार उचलायचं नाही," आई दारातून म्हणाली. तिचा स्वर कडक नव्हता, पण ती घाबरली होती. मी बाबांकडे पाहिलं. ते सोवळं नेसून चंदन उगाळत होते. मी मनात म्हटलं, संपलं. ते म्हणतील, उस्ताद येतील उद्या, बस खाली. आणि उद्या तर मी कचेरीत असणार.

बाबांनी सहाण बाजूला ठेवली. "कुणाकडे चालला म्हणाला तो माणूस?"

"आईकडे," मी म्हणालो. "सोनं द्यायला."

ते उठले, पाटाजवळ गेले, नमस्कार केला, आणि हातोडा आणि निहाई दोन्ही उचलली. आईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

"अगं, आपले लोक दसऱ्याला हत्यार पूजायचे ते काय पाटावर ठेवायला?" ते तिला म्हणाले. "पूजा झाली की उचलून मोहिमेला निघायचे. सीमोल्लंघन काय उगाच म्हणून राहिलो आपण?" मग माझ्याकडे वळले. "चल. बघून काय राहिला?"

ते सोवळं सोडून धोतर नेसून आले, डोक्यावर टोपी घातली, आणि टांग्यात माझ्याशेजारी बसले. हातोडा त्यांच्याच हातात होता. वाटभर त्यांनी तो तसाच धरला, सरळ, दांडा खाली आणि डोकं वर.

पुलियेवर ही गर्दी. मोटारीला बैलाचा कासरा बांधून झाला होता, चार धट्टेकट्टे लोक ओढायला उभे होते. एक चांगल्या कपड्यांतला माणूस वाकून चाकाकडे पाहत होता. माझं डोकं फिरलं. "हात काढा सगळे!" मी ओरडलो. "कोई हाथ नहीं लगाएगा! आणि तुम्ही हो, तुम्ही बाजूला व्हा, उजेड अडवून राहिले!" तो माणूस चटकन बाजूला झाला. बाबा माझ्यामागे एकदम गप्प झाले, इतकं मला जाणवलं. का ते विचारायला वेळ नव्हता.

मी उकिडवा बसलो, डोळे मिटले आणि तळवा फिरवला. लोक हसले. हसू दे. तळव्यानं सगळं सांगितलं. आधी दिवा भिडला होता, मग मडगार्डचं नाक दुमडलं, मग त्याची कड टायरवर बसली, आणि शेवटी आतला पत्रा मागे सरकून रेडिएटरला टेकला होता. फुटलं नव्हतं, नुसतं टेकलं होतं. म्हणजे मला तिथून सुरू करायचं होतं, जिथं कोणाचं लक्षही नव्हतं. बाहेरून दिसणारं मोठं चेपलेलं नाक शेवटी.

अडचण एकच होती. आतल्या पत्र्यामागे निहाई टेकवायची तर माझा हात तिथवर पोचत नव्हता, हातोडा बाहेरून मारत असताना तर नाहीच. शेडमध्ये हे दोघांचं काम असतं. मी वर पाहिलं. बाबांनी टोपी काढून टांगेवाल्याकडे दिली होती आणि ते सदऱ्याच्या बाह्या वर करत होते.

"कुठं धरू?" ते म्हणाले.

जिल्हा कचेरीतला माझा बाप पुलियेच्या धुळीत गुडघे टेकून बसला आणि त्यानं मडगार्डच्या आत खांद्यापर्यंत हात घातला. मी निहाई त्यांच्या हातात दिली. "इथं टेकवा. दाबू नका, नुसती राहू द्या. मी मारीन तेव्हा हात ढिला सोडू नका."

पहिला घाव घातला तेव्हा ते दचकले. निहाईतून घाव तळव्यात येतो, तो पहिल्यांदा सगळ्यांनाच दचकवतो. मी हळूहळू मारत गेलो. पत्रा बसलेला नसतो तेव्हा आवाज बद्द येतो, मडकं फुटकं असावं तसा. बसला की खणखणतो. मी कान लावून मारत होतो, आणि बाबांचे डोळे केव्हा मिटले मला कळलं नाही. लोकांचं हसणं थांबलं होतं.

"बसला," बाबा म्हणाले.

मी थांबलो. माझ्या आधी त्यांना कळलं होतं. मी तळवा लावून पाहिला. खरंच बसला होता! रेडिएटर मोकळं झालं होतं.

"हाताला कळतं रे," ते म्हणाले, आपल्याशीच बोलल्यासारखं. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण दोघांचेही हात अडकलेले होते.

मग टायरवरची कड उचलली, आणि मग नाक थोडं मोकळं केलं, दिवा सरळ केला. काम देखणं झालं नव्हतं. रंग उडाला होता, पत्र्यावर लाटा होत्या. शेडमध्ये असं काम मी कोणाला दाखवलं नसतं. पण चाक फिरत होतं, पाणी गळत नव्हतं. त्या माणसानं मोटार चालू केली, थोडी पुढे नेली, परत उतरला आणि आमच्याजवळ आला. बाबा तोवर उठून उभे राहिले होते. दंडापर्यंत काळे, धोतराला ग्रीस.

"अहो, तुम्ही?" तो माणूस म्हणाला.

"होय साहेब," बाबा म्हणाले.

ज्यांना मी उजेड अडवू नका म्हणून खेकसलो होतो ते कचेरीतले मोठे साहेब होते. बाबांनी त्यांना गर्दीत शिरतानाच ओळखलं होतं. तिथून निमूट परत फिरता आलं असतं त्यांना. मला गप्प करता आलं असतं. निदान साहेबांच्या देखत धुळीत बसायचं तरी टाळता आलं असतं.

"हा तुमचा मुलगा?" साहेबांनी मला नीट पाहिलं. रागावलेले दिसले नाहीत, उलट त्यांना मजा वाटत असावी. "म्हणजे उद्या तुम्ही घेऊन येणार होतात तो हाच?"

"हाच," बाबा म्हणाले. मग त्यांनी काळे हात धोतरालाच पुसले. "पण उद्या नाही जमायचं साहेब. उद्या त्याला काम आहे. तुमची मोटार अजून व्हायची आहे. हे काय, हे नुसतं चालण्यापुरतं झालं."

साहेबांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "आणि परवा?"

"परवाही," बाबा म्हणाले. "त्याला हेच काम आहे."

साहेब हसले. मोटारीतून आईसाठी नेत असलेल्या आपट्याच्या जुडीतून त्यांनी पानं काढली आणि आधी बाबांच्या, मग माझ्या काळ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणाले आणि मझौलीच्या रस्त्याला लागले.

घरी आलो तेव्हा उत्तरपूजेची वेळ होत आली होती. बाबांनी हातोडा घासून पुसून घेतला आणि परत पाटावर ठेवायला गेले. "उचललेलं परत ठेवतात का?" आई म्हणाली. "तलवार काय लढून आल्यावर बाहेर टांगायचे?" असं म्हणून बाबांनी तलवार थोडी सरकवली आणि हातोडा तिच्याजवळ ठेवला, मुठीला लागून. मग त्यांना विळीही वर घ्यावी असं वाटलं असावं, कारण त्यांनी तिला हात घातला. आईनं हलवू दिली नाही. "माझी विळी जिथं आहे तिथं बरी आहे," ती म्हणाली. "तुम्हा दोघांचं चालू द्या."

उस्ताद लगेच दुसऱ्या सकाळी गावाहून परत आले, आणि साहेबांची मोटार मी शेडमध्ये पुरी केली. उस्तादांनी डोळे मिटून तळवा फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि विचारलं, "कहाँ लगी थी?" ते मला चिडवत नव्हते. पुढे पुष्कळ मोटारी झाल्या, माझी स्वतःची शेड झाली, हाताखाली माणसं आली. पण त्यापेक्षा मोठं कौतुक माझं कोणी केलं नाही, एक सोडून.

ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मी सवयीनं मागच्या दाराकडे वळलो होतो. बाबा पुढच्या ओसरीवर कचेरीत जायला निघून उभे होते. त्यांनी आतल्या बाजूला आवाज दिला, गल्लीतल्या चार घरांना ऐकू जाईल असा.

"अगं, तो कामावर जाऊन राहिला. त्याचा डबा इकडून दे."